खिडकी कोणी बंद केली?

माझा भाचा हुशार आहे, त्याचा माझ्यावर जीवही आहे. गेल्या दिवाळीत माझ्या हातातला बटणांचा फोन बघून तो म्हणाला, "मावशी, हौस म्हणून ठीक आहे. पण आजच्या जगात हे प्रॅक्टिकल नाही." फराळाच्या ताटावर वाद नको म्हणून मी गप्प बसले. पुढे हेच वाक्य सोसायटीच्या सभेत कानावर आलं, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींकडून आलं, वर्तमानपत्रांतही वाचलं. सगळ्यांचा सूर एकच: साधा फोन वापरणारा माणूस एक तर गरीब, नाही तर हट्टी, आणि दोन्ही बाबतीत त्याने वेळेवर सुधारावं. त्याला उत्तर द्यायला हवं, म्हणून लिहिते आहे.

साधा फोन रोजच्या आयुष्यात चालतो. जिथे चालत नाही, तिथे कुठल्या तरी कार्यालयात कोणी तरी एक पद्धत ठरवलेली असते आणि ती ठरवताना बटणांचा फोन असलेला माणूस त्या खोलीत कोणालाच आठवलेला नसतो. अडवणूक त्या विसरण्यातून होते. तिचं खापर मात्र फोनवर फोडलं जातं, आणि फोन धरणाऱ्यावर.

मी एकतीस वर्षं एका बँकेच्या शाखेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर. निवृत्त झाले तेव्हा हातात चांगला स्मार्टफोन होता. सहा महिन्यांत लक्षात आलं की मोकळा झालेला वेळ माझ्या वाट्याला येतच नाही. रात्री एक वाजता मी अनोळखी बायकांच्या स्वयंपाकघरातल्या फोडण्या बघत जागी असायची आणि उशाशी ठेवलेलं पुस्तक तसंच पडलेलं असायचं. तो फोन मुलीला दिला आणि फोर-जीवर चालणारा बटणांचा फोन घेतला. त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हा मी सांगते ते वापरून सांगते.

पहिला प्रश्न कायम पैशांचा येतो. मंडईत माझ्या नेहमीच्या भाजीवालीच्या गाड्याला क्यूआर कोडचा पुठ्ठा बांधलेला आहे, शेजारी पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा. मी शंभराची नोट पुढे केली की पूर्वी ती म्हणायची, "ताई, सुट्टे नाहीत, फोनवरनं टाका." मग मी दर सोमवारी बँकेतून दहा-वीसच्या नोटा आणि नाणी आणायला लागले. कापडी पुरचुंडी आहे, तिला दोन कप्पे. आता तीच मला लांबून हाक मारते, "ताई, सुट्टे आहेत का?" नेट गेलं की डबा मुका होतो आणि गिऱ्हाइकं फोन वर धरून उभी राहतात. तेव्हा माझी पुरचुंडी दोन-तीन गाड्यांना पुरते. रोख पैसा हे चलन आहे, कोणाची मेहेरबानी नाही, हे बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

पण रोखीवरच सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. भागत नाही. आणि इथेच कित्येकांना माहीत नसलेली गोष्ट सांगायची आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्याच्याही आधी, २०१४ पासून, *९९# ही सेवा देशभर सुरू होती. कुठल्याही साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय, मराठीतसुद्धा. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने खास साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं: ठरलेल्या क्रमांकावर फोन लावून पैसे पाठवा, मिस्ड कॉल देऊन पाठवा, आवाजाच्या लहरींवरून पाठवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार रुपये करण्याचं जाहीर झालं.

मी *९९# वापरते. क्रमांक लावला की पडद्यावर करड्या अक्षरांत यादी येते: पैसे पाठवा, शिल्लक बघा, असं. आकडा दाबायचा, पुढची पायरी. समोरच्याचा मोबाईल क्रमांक, रक्कम, पिन. सगळं नीट झालं तर मिनिटभरात काम होतं. नीट होत नाही ते असं: क्रमांक टाकताना चष्मा पुसायला थांबलात तर मधेच वेळ संपते, यादी नाहीशी होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाच वेळांतून दोन वेळा माझं असंच होतं. कमी दिसणाऱ्या माणसाला तेवढी सेकंदं पुरत नाहीत. ती वाढवायला कुठलं नवं विज्ञान लागतं? आम्ही शाखेत असताना खाती उघडण्याची, विमा विकण्याची उद्दिष्टं वरून यायची, भिंतीवर तक्ते लागायचे. *९९# किती ग्राहकांना शिकवलं, असा तक्ता माझ्या सगळ्या नोकरीत मी एकदाही पाहिला नाही. रस्ता बांधला, पाटी लावली नाही, दिवा लावला नाही, आणि आता म्हणायचं की या रस्त्याने कोणी जात नाही.

बाकीचं पटकन सांगते. बँकेचा ओटीपी साध्या संदेशातून येतो, तो माझ्या फोनवर येतो. गॅसचा नंबर फोन करून लागतो. एसटीत महिलांचं अर्धं तिकीट कंडक्टर हाताने फाडून नाही तर यंत्रातून काढून देतो, त्याला माझा फोन बघायचा नसतो. डॉक्टरांची वेळ फोन करून मिळते. चार्जिंग चार दिवस टिकतं. विजेरी एका बटणावर लागते. २००३ मध्ये नोकिया ११०० आला तेव्हा त्याला विजेरी दिली होती, कारण तो वापरणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळी दिवे जातात हे तो बनवणाऱ्यांच्या ध्यानात होतं. वापरणारा असा डोळ्यांपुढे ठेवला की वस्तू आपोआप व्यवहारी होते.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. भाच्याने तोच शेवटी काढला. "मावशी, तुझं चालतं कारण घरात ताईचा स्मार्टफोन आहे. तू तिच्या फोनवर जगतेस." खरं आहे. गेल्या वर्षी दोन वेळा मी मुलीच्या फोनवरून अर्ज भरले. नाकारत नाही.

पण मला काउंटरवरची माणसं आठवतात. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्याचा. पेन्शनरांची रांग पायरीपर्यंत. त्यातल्या निम्म्यांच्या खिशात स्मार्टफोन, मुलाने घेऊन दिलेला. "मावशी, जरा बघा हो यात काय आलंय," म्हणत ते अख्खा फोन, लॉक उघडून, माझ्यापुढे सरकवायचे. एक गृहस्थ फोनच्या मागच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर यूपीआय पिन लिहून ठेवायचे. मी ती पट्टी खरवडून काढली. पुढच्या महिन्यात नवी होती. त्यांचे सगळे व्यवहार कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातला पोरगा करायचा. रिचार्ज करतानाच खात्यातली शिल्लकही तोच बघून द्यायचा. पोरगा प्रामाणिक होता म्हणून बरं. त्या गृहस्थांची गणती सरकारच्या हिशेबात डिजिटल नागरिक अशी होते, आणि माझी, स्वतःच्या हाताने स्लिप भरून स्वतःची सही करणारीची, परावलंबी अशी.

परावलंबन दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की मी मुलीकडे एका कामासाठी जाते, काम झालं की परत येते. त्या गृहस्थांनी आपलं खातं, आपले निरोप, आपले फोटो, सगळं एका दुकानदाराच्या हातात ठेवलं होतं. ज्याला तो फोन नीट वापरता येतो त्याच्यासाठी तो जरूर असावा. ज्याला येत नाही त्याच्या हातात तो कोंबून "आता तुझी सोय झाली" म्हणणं ही फसवणूक आहे. खोट्या लग्नपत्रिकेच्या नावाने, खोट्या वाहतूक चलनाच्या नावाने येणाऱ्या फायली उघडल्यामुळे पैसे गेल्याच्या तक्रारी आपण रोज वाचतो. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बसवून म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास घरात "डिजिटल अटकेत" ठेवण्याचे प्रकार याच फोनवर होतात. माझ्या फोनवर ती फाईल उघडत नाही, तो व्हिडिओ लागत नाही. ओटीपी विचारणारे फोन मलाही येतात, त्यातून सुटका नाही. तिथे १९३० हा क्रमांक आणि स्वतःची अक्कल एवढंच आहे. पण दहा दारांपैकी आठ मी मुळातच बसवलेली नाहीत.

साध्या फोनवाल्याची अडवणूक खरी कुठे होते, ते माहेरी बघितलं. भावाची कोरेगाव तालुक्यात अडीच एकर जमीन आहे, घेवडा आणि सोयाबीन. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावरचा पेरा तलाठी नोंदवायचे. आता शेतकऱ्याने स्वतः गटात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढून नोंदवायचा. दोन-तीन वर्षांपूर्वी गणपतीत मी गेले होते. भावाकडे बटणांचा फोन, माझ्याकडेही तोच. शेजारचा बारावीतला मुलगा मोटारसायकलवरून आला. घेवडा गुडघ्याला लागत होता, पावसाने माती पायाला चिकटत होती. मुलगा फोन डोक्यावर धरून बांधावरून बांधावर गेला, कारण आतल्या बाजूला रेंज नव्हती. ॲपला जागा सापडेना. मग सापडली, तर फोटो अर्धा निघाला. शेवटी फोटो निघाला, पण माहिती वर चढवायला तो एसटी थांब्यापर्यंत गेला. या सगळ्या वेळात भाऊ स्वतःच्या पिकात हात मागे बांधून उभा होता. चाळीस वर्षं तो ती जमीन कसतो. तिथे घेवडा आहे हे सांगण्यासाठी त्याच्या शब्दाला किंमत नव्हती, शेजारच्या पोराच्या फोनला होती. पेऱ्याचा रकाना कोरा राहिला तर पीककर्ज, नुकसानभरपाई, सगळ्यालाच अडचण. त्या पोराची बारावीची चाचणी दुसऱ्या दिवशी होती, हे मला नंतर कळलं.

ई-पीक पाहणीची कल्पना वाईट नव्हती. चावडीत बसून गावभरचा पेरा लिहिला जायचा, हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आपलं पीक आपण नोंदवावं यात शेतकऱ्याचा मानच आहे. प्रश्न असा की तो मान फक्त स्मार्टफोनवाल्यालाच का? पुढे गावोगाव सहायक नेमले गेले, शेतकऱ्याच्या हातून राहिलेली नोंद ते करतात. म्हणजे करता येत होतं. भावासारखी माणसं पहिल्या दिवशी मोजली असती तर पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

मजुरांची गतही तीच. रोजगार हमीचा कायदा करणारं पहिलं राज्य आपलं, १९७७ साली. त्याच कल्पनेतून पुढे आलेल्या देशव्यापी योजनेत जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं बंधनकारक झालं. फोटो चढला नाही तर खोदलेला खड्डा समोर असूनही दिवस कागदावर पडत नाही. तो खड्डा खोदणाऱ्या बाईला कोणी सांगावं की तुझं कुदळ-फावडं आजच्या जगात प्रॅक्टिकल नाही?

"जग पुढे जातंय, कोणासाठी थांबणार नाही," असं म्हणतात. जग थांबवता येतं आणि वळवताही येतं, आणि ते याच देशात झालं आहे. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लसीसाठी आधी कोविनवर नोंदणी करावी लागत होती. ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात सरकारला विचारला. त्याच सुमारास केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली आणि जूनमध्ये ती सगळीकडे झाली. लस तीच राहिली, सुई तीच राहिली, खिडकी मात्र उघडली. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या प्रकरणात निकाल दिला. कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवा ही ई-केवायसीची अट ज्यांना पाळताच येत नाही, त्यांच्यासाठी पद्धत बदला, असं सांगितलं, आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. न्यायालयाने माणसाला बदलायला सांगितलं नाही.

बाजाराचंही तेच. माझ्यासारखीला महिन्याला डेटाचे पैसे भरावे लागत होते, वापरायचा एक कणही नसताना, कारण डेटा नसलेला पॅकच बाजारात मिळेनासा झाला होता. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नियम केला की फक्त बोलण्याचे आणि संदेशांचे वेगळे पॅक द्यावेच लागतील. त्यांच्याच माहितीप्रमाणे सुमारे १५ कोटी लोक साधा फोन वापरत होते. जानेवारीत कंपन्यांनी ते पॅक आणले. पंधरा कोटी माणसं समोर असताना कोणाला सुचलं नाही. एका नियमाने महिन्याभरात सुचलं. आणि हीच पंधरा कोटी "फार थोडे लोक" म्हणून चर्चेतून गळतात.

उरतो शिस्तीचा सल्ला. "स्मार्टफोनच घे, पण मोजून वापर." सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. त्या गावाचं मला मनापासून कौतुक आहे. पण एका अख्ख्या गावाला, ग्रामपंचायतीला, भोंग्याला जी गोष्ट मिळून करावी लागते, ती एकेकट्या माणसाने रात्री अंथरुणात फक्त मनाच्या बळावर करावी असं सांगणाऱ्यांनी त्या पडद्यामागे किती हुशार माणसं पगार घेऊन बसलेली आहेत याचा विचार करावा. मला जमलं नाही. ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

साध्या फोनला काय जमत नाही तेही सांगायला हवं, नाही तर हा लेख खोटा होईल. माझ्या ओळखीत एक दृष्टिहीन शिक्षक आहेत. पडदा वाचून दाखवणाऱ्या स्मार्टफोनमुळे ते आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची पत्रं स्वतः वाचायला लागले. ऐकू न येणारी दोन माणसं व्हिडिओवर हातांनी गप्पा मारतात, ते बटणांच्या फोनवर होणार नाही. परदेशातल्या नातवाचं पहिलं पाऊल माझ्या मैत्रिणीने पडद्यावर पाहिलं. तिच्या जागी मी असते तर मलाही ते बघायचं असतं. मराठीतला संदेश माझ्या फोनवर कधी कधी नुसते चौकोन होऊन येतो, आणि उत्तर मराठीत टाईप करायचं तर एका शब्दाला पाऊण मिनिट. अनोळखी शहरात मी रस्ता विचारत जाते, पावसात ते सोपं नसतं. टू-जी बंद करण्याची भाषा अधूनमधून चालू असते. ती खरी झाली तर जुने फोन एका दिवसात मुके होतील, आणि सगळ्यांनाच लगेच नवा घेणं परवडणार नाही.

म्हणून मी कोणालाही स्मार्टफोन टाकून द्या म्हणत नाही. माझी मागणी कामाची आहे. प्रत्येक योजनेच्या, प्रत्येक सेवेच्या सूचनेखाली एक ओळ छापलेली असावी: स्मार्टफोन नसल्यास अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक माणसाला भेटा. तो माणूस त्या वेळी तिथे असावा. त्याचे वेगळे पैसे लागू नयेत. *९९# ची वेळ वाढावी आणि ती सेवा बँकेच्या काउंटरवर शिकवली जावी. शाळेची सुट्टी, पाणी न येण्याची सूचना, सोसायटीच्या सभेची वेळ, हे सगळं फक्त ग्रुपवर न टाकता फळ्यावरही लिहिलं जावं. यातलं काहीही महाग नाही.

गेल्या महिन्यात एका कार्यालयात गेले होते. नाव सांगत नाही, कारण समोरचा माणूस भला होता. दारावर पाटी: अर्ज फक्त ॲपवर. मी खिडकीशी जाऊन फोन दाखवला आणि विचारलं, माझ्यासारखीने काय करायचं? तो थोडा थांबला, मग वाकून खालच्या खणातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. छापील अर्ज, कडा पिवळ्या पडलेल्या. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा त्याने ती कात्रीने कापली. वरचा अर्ज झटकून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "बाई, चालतो हा. अजून चालतो. कोणी मागतच नाही." मी तिथेच उभी राहून तो भरला. माझ्या मागे बटणांचा फोन हातात धरून एक काका उभे होते, त्यांनी विचारलं, "मलाही एक मिळेल का?"